उचलगाडीच्या पुढे

रोहा
१६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मैना हीस अनेक आशीर्वाद.

पाकीट पाहून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. हे कुटुंबाच्या ग्रुपवरच विचारणार होतो. पण तिथे मी एक वाक्य लिहिलं की चार अंगठे येतात, दोन गुलाब येतात आणि कोणाच्या तरी मावसजावेचा वाढदिवस निघतो. माझा प्रश्न तसाच उभा राहतो. म्हणून पोस्टमनला त्रास देतो आहे. तोही बिचारा वीजबिलांना कंटाळला असेल.

तर प्रश्न असा. गंमतगडच्या शर्यतीत तू पुन्हा नाव घातलंस हे खरं का? रायगड जिल्ह्यात चांगले दगडी किल्ले असताना खोपोलीजवळ कोणी तरी पाळण्या-खेळांच्या बागेसाठी प्लास्टिकचा आणखी एक बांधतो, त्याच्याभोवती एकवीस किलोमीटर धावायचे पैसे घेतो आणि माझी सख्खी बहीण वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते दोनदा भरते, हे मला नीट समजून घ्यायचं आहे.

गेल्या वर्षी सतराव्या किलोमीटरला तुला त्या उचलगाडीनं उचललं. मागे पडलेल्यांना गोळा करत येते ती गाडी. गाडीतच तुझ्या गळ्यात मेडल घातलं, केळं दिलं, घरी पाठवलं. मला वाटलं, प्रकरण सन्मानानं मिटलं. आता हे काय नवं?

निशिगंधा म्हणते, "तुमचं काय जातं? तुम्हाला कोणी पळायला सांगितलंय?" मुद्दा बिनतोड आहे, तरी उत्तर पाठव. कमळाकररावांना नमस्कार. तुझ्या सासूबाईंना साष्टांग, त्यांच्या मिरगुंडांना त्याहून खाली वाकून.

तुझा
दादा

---

पेण
२३ नोव्हेंबर

ती. दादास मैनाचा नमस्कार.

पत्र आलं तेव्हा कारखान्यात सगळ्यांचे हात थांबले. पिंकी मूर्तीच्या मुकुटाला सोनेरी लावत होती, ती म्हणाली, "ताई, कोर्टाचं हाय का?" आमच्याकडे पाकिटातून दुसरं काही येत नाही.

हो, नाव घातलंय. आणि त्याचं कारण ते मेडलच आहे.

तुला माहीत नाही, ते मेडल सासूबाईंनी कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर टांगलंय. गिऱ्हाईक गणपती बघायला येतं, त्या आधी मेडल दाखवतात. दसऱ्याला त्याला झेंडू वाहिला. मी शंभरदा सांगितलं, "आई, मी पुरी पळले नाही, मला गाडीत घालून आणलं." तर म्हणतात, "मग काय झालं गो? आपले गणपती पन गाडीतूनच जातात. त्यांचं काय कमी होतं?"

आता रोज सकाळी दार उघडलं की ते मेडल माझ्याकडे बघतं. लोक म्हणतात, "वा वैनी, एकवीस किलोमीटर!" आणि मी रंग ढवळत बसते. दादा, मला ते भिंतीवरून उतरवायचंय. दुसरं, स्वतःच्या पायांनी आणलेलं टांगल्याशिवाय सासूबाई ते उतरवू देणार नाहीत. बस, एवढंच आहे. या वेळी पण गाडीत बसले तर बूट पिंकीला देऊन टाकणार. तिच्या पायाला बरोबर होतात, बघितलंय मी.

शर्यत एक फेब्रुवारीला, रविवारी. शनिवारपासून सगळ्यांनी तिथंच राहायचं, आमच्या किमयाने खोल्या पण ठरवल्यात. तू आणि वहिनी येणार आहात. विचारत नाहीये, सांगतेय.

एकच अडचण आहे. रोज पहाटे खोपोली रस्त्यानं गागोद्याकडे पळते. पहिले पाच-सहा किलोमीटर छान. मग उजव्या बरगडीखाली अशी कळ येते की कंबरेतून वाकून उभी राहते. गेल्या वर्षी पण हीच कळ, हिनंच घात केला. डॉक्टर म्हणतात काही नाही. किमया म्हणते नेटवर बघते. तू म्हण काय ते.

तुझी
मैना

---

रोहा
२ डिसेंबर

चि. मैना,

भिंतीवरचं मेडल वाचून हसलो, आणि मग हसू थांबलं. निशिगंधेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हिला पळू द्या." तेव्हा आम्ही दोघं येतो.

आता कळीचं. शाळेत संस्कृत शिकवणाऱ्याला लोक अर्धा वैद्य समजतात आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करत नाही. माझं निदान स्पष्ट आहे: पोहे. पहाटे पळायला निघण्यापूर्वी तुझ्या सासूबाई तुला बशीभर पोहे खाऊ घालत असणार, वर ओलं खोबरं. पोटात वायू कोंडतो, तो बरगडीखाली जागा शोधतो. पोहे बंद. चिमूटभर ओवा, वर कोमट पाणी. आठ दिवसांत उतार न पडला तर माझ्या नावाला कडू कारलं म्हण.

डॉक्टरांनी मलाही रोज चालायला सांगितलं आहे. कुंडलिकेच्या काठाने चालतो. म्हणजे काठापर्यंत जातो, बाकावर बसतो आणि नदीला चालू देतो.

किमयाने टी-शर्टाचं माप मागितलं होतं. छातीवर काही संस्कृत छापणार असेल तर माझ्याकडून शुद्ध करून घे म्हणावं. माप एक्सएल. हे ग्रुपवर टाकू नये.

तुझा
वैद्यराज

---

पेण
२८ डिसेंबर

दादा,

तू कडू कारलं आहेस.

ओवा खाल्ला. पोहे सोडले, तर सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं मी त्यांच्या पोह्यांना नाव ठेवलं. पेणच्या बाईनं पोहे सोडले हे शेजारी कळलं तर काय, म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. आणि कळ होती तिथंच आहे.

किमयाचे उपाय पण झाले. तिनं घड्याळ बांधलं, ते माझ्यावर शिट्ट्या मारतं. ट्रकांची भीती म्हणून तिनं सांगितलं, "आई, रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून पळ, नजर पट्टीवर ठेव, कुठं बघू नको." तशी पळते. ट्रक लांब राहतात, कळ मात्र जवळ येते. काल तर चौथ्या किलोमीटरलाच आली. म्हणजे मागं चाललेय.

त्यात बावीस जानेवारीला माघी गणपती. पंचाऐंशी मूर्ती डोळ्यांसाठी थांबल्यात. डोळ्यांची आखणी घरात आता मीच करते. कमळाकरांचा हात थरथरतो, ते तोंडानं कबूल करत नाहीत, ब्रश माझ्याकडे सरकवतात. दिवसभर मान खाली, पहाटे रस्ता. परवा गागोद्याच्या अलीकडे मैलाच्या दगडावर बसले आणि खरं सांगते, रडले जरा. मग एक म्हैस येऊन बघत राहिली तेव्हा उठले.

तुमच्या आळीचा माघी गणपती न्यायला तूच येणार ना? ये. पोहे मिळतील. माझ्या वाटणीचे पण.

तुझी
मैना

---

रोहा
१९ जानेवारी २०२६

चि. मैना,

काल मूर्ती घेऊन टेम्पोत बसलो तो कोलाडपर्यंत डोळे मिटून होतो. ड्रायव्हरला वाटलं मूर्तीला धक्का लागू नये म्हणून मी ध्यान धरलं आहे. ध्यानच होतं, पण तुझं.

सांगतो. तुझ्यासमोर तासभर बसलो, सासूबाई पोहे वाढत होत्या, तू आमच्या गणपतीचे डोळे आखत होतीस. भुवईची रेघ सुरू झाली की तुझा श्वास बंद. रेघ संपेपर्यंत बंद. मग ब्रश वर, आणि सुस्कारा. पुन्हा रेघ, पुन्हा बंद. मी गंमत म्हणून तुझ्याबरोबर श्वास धरून पाहिला, तर माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. सासूबाई म्हणाल्या, "पोहे अडकले काय हो?"

तीस वर्षं तू हेच करते आहेस. रेघ दिसली की श्वास धरायचा. आणि किमयाने तुला काय सांगितलं? नजर पांढऱ्या पट्टीवर ठेव! अगं, गागोद्यापर्यंत सरकारने तुझ्यासमोर एक लांबलचक भुवई आखून ठेवली आहे, आणि तू ती श्वास कोंडून पुरी करायला निघाली आहेस. कळ येणार नाही तर काय येईल? पोह्यांची माफी मागतो. सासूबाईंना माझ्यातर्फे तू सांग, मला धीर होत नाही.

उपाय: पट्टीकडे बघायचं नाही. आणि तोंड चालू ठेवायचं. ज्याचं तोंड चालू त्याचा श्वास कोंडत नाही, हे आमच्या शाळेतल्या कुठल्याही वर्गात सिद्ध होतं. मुद्दाम तुझ्यासाठी भुजंगप्रयातात चार ओळी केल्या आहेत. सापासारखा सळसळत जाणारा छंद आहे, पावलाला बरा पडतो.

पळावे परी श्वास कोंडू नये गे,
जयांना पुढे जायचे, ते पळोत;
गुडघ्यांस सांगा, नका कुर्कुरू रे,
नको बैसणे त्या फुकाच्या रथात!

कुरकुरण्याला 'कुर्कुरू' केल्याबद्दल कवीला क्षमा असावी. गुडघा दुखत असताना इतकं चालतं. मोठ्याने म्हण. म्हैस पुन्हा भेटली तर तिलाही ऐकव.

तुझा
आशुकवी दादा

---

पेण
२७ जानेवारी

दादा,

घाईत लिहितेय, शनिवारच्या पिशव्या भरायच्यात.

पंधरा किलोमीटर पळले. कळ नाही! मोठ्यानं म्हणत पळते, रस्त्यावरची माणसं बाजूला होतात, तो आणखी फायदा. सासूबाईंना पोह्यांचा निरोप दिला. म्हणाल्या, "मी तर आधीच म्हनत होते, पोह्यांनी कोनाला काय होत नाय. तुझा भाऊ शिकलेला हाय, त्याला वेळ लागतो."

त्यांनी शिधा भरलाय. दोन डबे मिरगुंडं, पापड, पोह्यांची पिशवी. किमया म्हणाली, "आजी, तिथं हॉटेल आहे." आजी म्हणाली, "म्हनूनच."

पण एकवीस आणि पंधरामध्ये सहाचा फरक आहे, आणि ते सहा या वेळी मी अजून पळून पाहिले नाहीत. गेल्या वर्षीचे शेवटचे चार तर गाडीच्या काचेतून. भीती वाटते रे. तिथं भेटू.

मैना

---

रोहा
४ फेब्रुवारी

चि. मैना,

रविवारी त्या गर्दीत तुझ्याशी चार शब्द बोलता आले नाहीत. तू रेघ ओलांडलीस आणि तुझ्यावर माणसं पडली. कमळाकरराव तुझी पाण्याची बाटली छातीशी धरून रडत होते आणि म्हणत होते की त्यांना धुळीचा त्रास आहे. आम्हाला एसटी गाठायची होती. म्हणून आता लिहितो.

माझी बाजू आधी सांगतो. शनिवारी गंमतगडच्या दारातच तो कोट घातलेला, डोक्यावर टोपी असलेला कापडी हत्ती हात हलवत पुढे आला, तेव्हा तुझ्या सासूबाईंनी चपला काढून त्याला नमस्कार केला. मग वर बघून म्हणाल्या, "सोंड बरी हाय, पन डोळे कोनी काढले याचे? एक खोपोलीकडं बघतोय, एक पुण्याकडं." आतला मुलगा इतका ओशाळला की हत्तीने मान खाली घातली. निशिगंधा अजून हसते आहे.

रविवारी तुम्ही अंधारात सुटलात. आम्ही 'टीम मैना' असं छापलेले पिवळे सदरे घालून उभे. माझ्या सदऱ्यावर 'टीम' छातीवर आणि 'मैना' पोटाच्या उतारावर गेलं होतं. आठच्या सुमारास तो अवाढव्य पाळणा धावणाऱ्यांच्या घरच्यांसाठी फुकट सुरू केला. सासूबाई म्हणाल्या, "वरून दिसंल गो ती." किमया शेवटच्या रेघेपाशी जागा धरून होती, निशिगंधेला घेरी येते, कमळाकरराव जागचे हलेनात. उरलो मी. एका डब्यात मी आणि तुझ्या सासूबाई, आणि डबा नेमका टोकावर जाऊन थांबला.

आणि मैने, तिथून काय देखावा! सगळा रस्ता खाली पसरलेला, कडेची शेतं, आणि त्यावरून येणारी तू. तुझ्या मागे हाकेच्या अंतरावर ती पांढरी उचलगाडी. सासूबाई डब्याचा गज धरून ओरडत होत्या, "रेघंकडं बघू नको गो! रेघंकडं बघू नको!" इतक्या उंचावरून तुला काय ऐकू येणार, पण शेजारच्या डब्यातले लोक मात्र घाबरून खाली बघेनासे झाले. मी शांत होतो. कारण तुझे ओठ हलताना मला स्वच्छ दिसत होते. ओठांच्या हालचालीवरून छंद ओळखता येतो. भुजंगप्रयात! 'नको बैसणे त्या फुकाच्या रथात' आणि मागे प्रत्यक्ष रथ. कवीच्या आयुष्यात असा क्षण क्वचित येतो.

शाळेत मुलांना सांगितलं की छंदांचा व्यवहारात उपयोग होतो. आता एवढंच कळव, शेवटच्या टप्प्यात कुठली ओळ सर्वांत उपयोगी पडली? पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी हवं आहे.

तुझा
दादा

---

पेण
९ फेब्रुवारी

ती. दादास,

आधी सासूबाईंचा निरोप. त्या म्हणतात, पाळणा निघाल्यापासून खाली उतरेपर्यंत तू डोळे उघडलेसच नाहीस. दोन्ही हातांनी त्यांचा पदर धरला होतास आणि सारखं विचारत होतास, "आली का? दिसते का? गाडी किती लांब?" आणि त्या सांगत होत्या. ओठ वगैरे तू कुठून बघितलेस?

आता खरं काय झालं ते ऐक.

सुरुवातीलाच धक्का. सगळ्या रस्त्यावर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, निळी रेघ मारलेली! धावणाऱ्यांनी चुकू नये म्हणून. आखणी करणाऱ्या बाईला एवढा मोठा सापळा कोणी लावला नसेल. मी मान वर केली आणि तुझ्या ओळी धरल्या. चौदा-पंधरापर्यंत छान चाललं. लोक वळून बघत होते. एका काकांना वाटलं मी अंगारक स्तोत्र म्हणतेय, ते हात जोडून मागं राहिले.

सोळाव्याला तुझी तिसरी ओळ गेली. कुरकुर कुठं जोडायची तेच आठवेना. ती शोधता शोधता दुसरी गेली. मग पहिली. डोकं रिकामं झालं, नजर खाली गेली, आणि रेघ! श्वास बंद, कळ हजर. वाकले. नेमकी तिथंच, सतरा लिहिलेल्या फलकापाशी, मागून हॉर्न वाजला.

गाडी तीच, ड्रायव्हर पण तोच. काच खाली करून म्हणाला, "ताई, गेल्या वर्षी तुमीच ना? या, बसा. एसी चालू हाय."

दादा, मला काय झालं माहीत नाही. मी म्हटलं, "नाय बसणार."

"अवो, नका जीवाला तरास करून घेऊ. मेडल तर देतातच गाडीत."

"तेच नको मला! पुढं घे तुझी गाडी!"

"पुढं नाय घेता येत. मला ठरलेल्या वेगानं चालवायचं हाय. तुमी माझ्या मागं गेलात की दार उघडायचं, असं सांगितलंय."

"मग मी पुढंच राहीन!"

आणि निघाले. तो माझ्या पाठीशी, खिडकीतून बोलतोय. खांब गावचा आहे, गुणाजी नाव. मला गप्प करायला म्हणून म्हणाला, "तुमी पेनच्या ना? आमचा गनपती पन पेनचाच असतो." मी विचारलं, कोणाच्या कारखान्यातला? तर म्हणे, "काय माहीत, हायवेवर मांडव असतो, तिथनं घेतो."

हायवेवरून! डोळे न बघता! मग मी सुटलेच. म्हटलं, तू बायको अशी बघितली होतीस का, गाडीतून न उतरता? मूर्ती घेताना आधी समोर बसायचं, ती आपल्याकडे बघतेय का ते बघायचं, मागं सरून बघायचं, बाजूनं बघायचं. बुबुळ वर चढलं असेल तर देव छताकडे बघतो, तुला काय आशीर्वाद देणार? तो म्हणाला, "खरंच की, आमचा दरसाल पंख्याकडंच बघतो." मी म्हटलं, बघ! आणि ती कळ कधी गेली ते मला कळलंच नाही. सगळा वेळ मान वळवून त्याला फैलावर घेत होते, रेघ कुठं होती कोण जाणे. भुवई, पापणी, शाडू, रंग, सगळं झालं. शेवटी तोच ओरडला, "ताई, पुढं बघा, आलं तुमचं! आता माझ्याशी नका भांडू, पळा!"

म्हणजे दादा, तुझा उपाय बरोबर होता, तोंड चालू ठेवायचं. फक्त छंद लागला नाही. वर्गात सांग हवं तर.

एक राहिलं. शेवटी रस्त्यावर आडवी, जाड, पांढरी रेघ होती. ती मी बघितली. मुद्दाम बघितली. आणि तिच्यावर पाय टाकताना श्वास धरला, जसा बुबुळाचा शेवटचा ठिपका देताना धरते. मग सोडला.

सोमवारी सासूबाईंनी स्वतः स्टुलावर चढून जुनं मेडल उतरवलं, नवं लावलं. जुनं पुसून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे तुझ्या भावाला धाड. डोळे मिटून का व्हईना, बसला माझ्यासंगं वर." सोबत पाठवलंय. पोस्टाच्या गाडीतूनच येतंय, त्याला सवय आहे.

बूट पिंकीला दिले नाहीत. तिनं स्वतःचे घेतलेत.

तुझी
मैना

---

रोहा
१६ फेब्रुवारी

चि. मैना,

मेडल पोहोचलं. डोळ्यांविषयी तुझ्या सासूबाईंची साक्ष ग्राह्य धरतो. मात्र त्या इतकं सुरेख सांगत होत्या की मला दिसलं असं अजूनही वाटतं.

निशिगंधेनं मेडल देवघराशेजारच्या खुंटीला टांगलं आहे. काल वीजबिल घेऊन आलेला पोस्टमन म्हणाला, "वा सर, एकवीस किलोमीटर!" मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि त्याने माझा हात हातात घेऊन हलवला. तेव्हापासून ते सकाळी माझ्याकडे बघतं. तू म्हणाली होतीस तसंच, अगदी.

परवा बाकाशी थांबलो नाही. पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. बरोबर निशिगंधा होती, ती वाटभर मला बोलत होती, त्यामुळे श्वासाची अडचण आली नाही.

किमयाला सांग, पुढच्या वर्षी गंमतगडला पाच किलोमीटरवाल्यांत माझं नाव घाल. ग्रुपवर टाकू नये. आणि गुणाजी यंदा पेणला मूर्ती बघायला आलाच, तर त्याला तुझ्यासमोर नीट बसव, पोहे दे, आणि जाता जाता एवढं विचार: पाच किलोमीटरच्या मागेही त्याचीच गाडी असते का, आणि तेव्हा एसी चालू ठेवतो ना?

तुझा
दादा